जेएस ३३५ च्या शेतात तांबेऱ्यातून हिरवी राहिलेली सात झाडे : खरी प्रतिकारशक्ती की योगायोग?

वाळवा_शिवार (प्रश्न)

नमस्कार. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या काळ्या रानात आमचे एक एकर सोयाबीन होते. वाण जेएस ३३५, पेरणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात, टोकण पद्धतीने, म्हणजे हाताने एकेक बी टोचून. ऑगस्ट संपता संपता ढगाळ हवा आणि रिमझिम पाऊस सलग राहिला आणि शेंगा भरण्याच्या ऐन वेळी तांबेरा हा बुरशीजन्य रोग आला. सुरुवात खालच्या पानांपासून झाली. पानाच्या पाठीवर बोट फिरवले की विटकरी रंगाची भुकटी बोटाला लागत होती. पावसाने उघडीप न दिल्यामुळे फवारणीला उशीर झाला आणि बारा-पंधरा दिवसांत सगळे शेत पाने गळून उघडे पडले. दाणा बारीक राहिला आणि उतारा निम्म्यावर आला.

त्या उघड्या शेतात सात झाडे मात्र हिरवी उभी होती. सगळ्यांना शेंगा होत्या. त्यांच्याजवळ काठ्या रोवून ठेवल्या, काढणीच्या वेळी प्रत्येक झाड वेगळे उपटले, हाताने मळले आणि प्रत्येकाचे बी वेगळ्या कागदी पाकिटात ठेवले.

माझे प्रश्न असे आहेत. ही झाडे तांबेऱ्याला जन्मतःच प्रतिकारक आहेत, म्हणजे तो गुण बियांतून पुढच्या पिढीत उतरेल, हे कसे तपासायचे? ते शेतातच करता येईल की प्रयोगशाळेत जावे लागेल? आणि पाकिटांत मोजके बी असताना ते वाया न घालवता चाचणी कशी आखावी? गावातील काही जणांनी आतापासूनच बी मागायला सुरुवात केली आहे. खात्री झाल्याशिवाय ते कोणाला द्यावे, असे मला वाटत नाही.

जुना_रोगशास्त्रज्ञ

आपण सातही झाडांचे बी वेगळे ठेवले ही या कामातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण ते एकदा मिसळले असते तर पुढची कोणतीही चाचणी करता आली नसती. गावात बी न देण्याचा आपला निर्णयही योग्य आहे.

झाड हिरवे राहिले याचा अर्थ ते प्रतिकारक आहे असा होत नाही. रोगातून सुटणे आणि रोगाला प्रतिकार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वरून पाहता त्या अगदी सारख्या दिसतात. माझ्या नोकरीच्या काळात, शेतकऱ्यांनी आणि आम्ही स्वतःही निवडलेल्या ‘हिरव्या’ झाडांपैकी बहुतेक झाडे पुढच्या हंगामात इतरांसारखीच तांबडी झालेली मी पाहिली आहेत. म्हणून चाचणी आखण्याआधी काही गोष्टी आठवून सांगाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे ही झाडे खरोखर जेएस ३३५ चीच होती का? या वाणाची फुले जांभळी असतात, शेंगांवर लव नसते आणि दाण्याची नाभी, म्हणजे दाणा शेंगेला चिकटलेल्या जागेची खूण, काळी असते. शेंगा लवदार असतील किंवा नाभीचा रंग वेगळा असेल, तर ती बियाण्यातील भेसळ समजावी. सोयाबीन स्वपरागित पीक आहे आणि त्यात नैसर्गिक संकर एक टक्क्याहूनही कमी होतो, त्यामुळे एकाच शेतात अचानक सात नवी झाडे निपजण्यापेक्षा पिशवीत दुसऱ्या वाणाचे दाणे असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

दुसरी गोष्ट झाडांच्या वयाची. हा तांबेरा फुलोऱ्यानंतर झपाट्याने वाढतो. नांग्या भरताना, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागी, पंधरा-वीस दिवस उशिरा टोकलेले झाड त्या वेळी लहान असते आणि बाकीचे शेत गळाले तरी काही दिवस हिरवे दिसते. याच्या उलटही घडते. जेएस ९५-६० सारखा ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांत येणारा वाण रोगाचा जोर वाढण्याआधीच पक्व होऊन निघून जातो आणि लोक त्याला प्रतिकारक समजतात.

तिसरे, ती झाडे बांधाजवळ होती की शेताच्या मध्यभागी, आणि शेजारच्या रानात त्या काळात कोणती फवारणी झाली होती का? शेंगा न धरलेले झाडही शेवटपर्यंत हिरवे राहते, परंतु आपल्या झाडांना शेंगा होत्या, त्यामुळे ती शंका मी सोडून देतो.

वाळवा_शिवार

आपले उत्तर वाचून पाकिटे पुन्हा उघडली. शेंगांची टरफले मी बियांबरोबरच ठेवली होती, त्याचा आज उपयोग झाला. सातपैकी पाच झाडांच्या शेंगांवर स्पष्ट तपकिरी लव आहे. उरलेल्या दोन झाडांच्या शेंगा गुळगुळीत आहेत, दाण्याची नाभी काळी आहे आणि फुले जांभळी होती हे मला पक्के आठवते.

या दोनपैकी एक झाड बांधापासून चौथ्या ओळीत होते. बांधापलीकडे शेजाऱ्यांची हळद आहे आणि तिच्यावर करप्यासाठी ऑगस्टमध्ये दोन फवारण्या झाल्या होत्या. दुसरे झाड शेताच्या मधोमध होते, पण त्याच्या शेंगा इतरांपेक्षा दहा-बारा दिवस मागे होत्या, त्यामुळे ते नांगी भरलेल्या जागेचे असावे असे आता वाटते. पहिल्या झाडाचे ११८ दाणे आहेत, दुसऱ्याचे ६४.

म्हणजे दोघांबद्दलही शंका उरतेच. तरीही पुढे तपासण्यात अर्थ आहे का?

जुना_रोगशास्त्रज्ञ

अर्थ निश्चित आहे. शंका आहे म्हणूनच चाचणी करायची असते. हळदीच्या करप्यावर मारले जाणारे प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक सोयाबीनच्या तांबेऱ्यावरही चालते, त्यामुळे वाऱ्याने उडालेले तुषार चौथ्या ओळीपर्यंत पोहोचले असतील तर ते झाड औषधाने वाचलेले असू शकते. नक्की काय घडले हे मागे वळून सांगता येणार नाही. पुढच्या खरिपात मात्र सांगता येईल.

शेतातील चाचणीचा सगळा भार एका गोष्टीवर असतो. आपल्या ओळीच्या अगदी शेजारी, त्याच दिवशी पेरलेला, रोगाला हमखास बळी पडणारा वाण असला पाहिजे आणि तो रोगाने पुरता ग्रासला गेला पाहिजे. आपल्याकडे तो वाण जेएस ३३५ हाच आहे. शेजारचा जेएस ३३५ गळाला नाही, तर आपली ओळ हिरवी राहिली या नोंदीला काहीच किंमत राहत नाही, आणि त्या वर्षाची चाचणी झालीच नाही असे समजून ती पुन्हा करावी लागते. दुसऱ्या टोकाला, सुधारित म्हणून माहीत असलेला एक वाणही हवा. कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्र याच तांबेऱ्याच्या पट्ट्यात आहे आणि तेथून आलेले केडीएस ३४४ म्हणजे फुले अग्रणी किंवा केडीएस ७२६ म्हणजे फुले संगम त्यासाठी घेता येतील. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा डीएसबी २१ मिळाला तर फारच चांगले, कारण तो जेएस ३३५ आणि तांबेरा-प्रतिकारक ईसी २४१७७८ यांच्या संकरातून निघालेला आहे. म्हणजे त्याचा एक पालक जेएस ३३५ हाच असल्यामुळे आपली झाडे त्याच्याशी थेट ताडून पाहता येतील.

बियांचे गणित असे बसवावे. ११८ पैकी ६० दाणे पेरावेत, २०-२० च्या तीन ओळी, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. ६४ पैकी ४० दाणे, दोन ओळी. उरलेले बी हात न लावता राखून ठेवावे. लवदार पाच झाडांच्याही छोट्या ओळी शेजारी पेराव्यात, कारण ती भेसळ असली तरी कोणत्या वाणाची आहे आणि रोगात कशी टिकते हे त्याच वेळी कळेल. दर काही ओळींनंतर जेएस ३३५ ची एक ओळ आणि सगळ्या चाचणीभोवती त्याचीच एक कड हवी. मधल्या ओळी आपल्या ओळींबरोबर त्याच दिवशी पेराव्यात, कडेची झाडे मात्र दहा-पंधरा दिवस आधी पेरली तर रोग त्यांच्यावर आधी वाढतो आणि तेथून सगळीकडे सारखा पसरतो. वेगवेगळ्या ठिकाणी ओळी ठेवण्याचे कारणही हेच आहे की एखादा कोपरा कोरडा राहिला म्हणून आपली फसगत होऊ नये. या तुकड्यावर कोणतेही बुरशीनाशक मारू नये आणि तो हळदीपासून लांब असावा.

नोंद ‘रोग आहे’ किंवा ‘नाही’ अशी करू नये. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातून १९८६ साली प्रसिद्ध झालेली मायी आणि दातार यांची ० ते ९ ही श्रेणी आजही सर्वत्र वापरली जाते. पानावर डाग नसेल तर ०, पानाचा एक टक्का भाग व्यापला असेल तर १, दहा टक्क्यांपर्यंत ३, अकरा ते पंचवीस टक्के ५, सव्वीस ते पन्नास टक्के ७ आणि त्याहून अधिक ९. समजा एका ओळीतील दहा पाने पाहिली आणि त्यांत तीन पानांना ३, पाच पानांना ५ आणि दोन पानांना ७ मिळाले, तर बेरीज ४८ होते. जास्तीत जास्त शक्य बेरीज ९० आहे, म्हणून रोगाची तीव्रता ५३.३३ टक्के आली. प्रत्येक झाडाच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या थरातील पाने घ्यावीत, आणि फुलोऱ्यापासून दर आठवड्याला त्याच वारी नोंद करावी. शेवटच्या एका आकड्यापेक्षा रोग कोणत्या वेगाने चढला हे या साप्ताहिक नोंदींतून दिसते. काही ओळींत रोग येतो, पण इतका सावकाश चढतो की दाणा भरून होईपर्यंत झाड तग धरते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने असा सावकाशपणाही मोलाचा आहे.

बीज_आणि_जनुक

मी पीक-पैदाशीच्या प्रयोगशाळेत काम करते. वरील मांडणी पूर्णपणे मान्य आहे. डाग जवळून कसा पाहावा आणि जनुकांचा प्रश्न प्रयोगशाळेत कसा सोडवतात, एवढेच मी सांगते.

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्यावे आणि पानाची पाठ पाहावी. सोयाबीनच्या तांबेऱ्याच्या पुळ्या लहानशा ज्वालामुखीसारख्या दिसतात. मधोमध भोक असते आणि त्यातून बीजाणूंची भुकटी बाहेर पडते. जिवाणूजन्य पुरळही वरवर असेच दिसते, परंतु त्याच्या फोडाला भोक नसते, तडा असतो, भोवती बहुधा पिवळे वलय असते आणि भुकटी मुळीच नसते. शंका वाटल्यास पान ओलसर कागदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवावे. तांबेरा असेल तर सकाळी पुळ्यांवर ताजी भुकटी दिसते. ही खूण पटल्याशिवाय श्रेणी देऊ नये, नाहीतर दुसऱ्याच रोगाचे गुण तांबेऱ्याच्या खात्यावर जमा होतात.

यानंतर डागाचा रंग पाहावा. बळी पडणाऱ्या झाडावर डाग फिकट तपकिरी असतो, एकेका डागात अनेक पुळ्या असतात आणि भुकटी भरपूर सुटते. प्रतिकारक जनुक काम करत असेल तर डाग लहान, कोनदार, लालसर तपकिरी होतो आणि पुळ्या एक-दोन किंवा मुळीच नसतात, कारण बुरशी शिरली त्या जागेभोवतीच्या पेशी झाडानेच मारून टाकलेल्या असतात. पूर्ण प्रतिकार असेल तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून आपल्या ओळींवर डाग दिसले तर निराश होऊ नये. डाग लालसर असले आणि त्यांतून भुकटी निघत नसली, तर ‘बुरशी आली होती आणि झाडाने तिला अडवले’ याचा तो पुरावा आहे, आणि स्वच्छ पानापेक्षा तो अधिक विश्वासार्ह आहे, कारण स्वच्छ पान हे रोग न पोहोचल्यामुळेही स्वच्छ असू शकते.

प्रयोगशाळेत हाच प्रश्न तोडलेल्या पानांवर तपासता येतो. ही बुरशी जिवंत पानाशिवाय वाढत नाही, कृत्रिम खाद्यावर ती वाढवता येत नाही, म्हणून बीजाणूही जिवंत झाडांवरच जोपासावे लागतात. पान आगर या जेलीसारख्या थरावर ठेवून, ते लवकर पिवळे पडू नये म्हणून त्यात संप्रेरक घालून, मोजलेल्या संख्येचे बीजाणू पाठीवर फवारतात. पान ओले राहिले तर सहा तासांत बुरशी आत शिरू शकते, तरी आम्ही खात्रीसाठी रात्रभर दमट ठेवतो. आठवड्याभरात डाग आणि दहा-बारा दिवसांत पुळ्या दिसतात. येथे वाऱ्याने, हळदीच्या फवारणीने किंवा झाडाच्या वयाने फसवणूक होत नाही. परंतु एका वेळी एकाच ठिकाणची बुरशी वापरलेली असते, त्यामुळे शेतातील चाचणीची जागा ती घेऊ शकत नाही.

आता जनुके. सोयाबीनमध्ये तांबेऱ्याला प्रतिकार देणारी आरपीपी १ ते आरपीपी ७ अशी सात स्थाने निश्चित झालेली आहेत. त्यांतील आरपीपी ३ ज्यात सापडले तो ‘अंकुर’ हा भारतातलाच जुना वाण आहे. या जनुकांजवळचे डीएनए मार्कर, म्हणजे जनुक ओळखण्याच्या खुणा, उपलब्ध आहेत आणि कोवळ्या पानाच्या छोट्या तुकड्यावरून ते जनुक झाडात आहे की नाही हे रोग येण्याआधीच सांगता येते. मात्र मार्कर फक्त ओळखीचे जनुक शोधतो. आपल्या झाडात एखादे नवे जनुक असेल तर सातही मार्कर नकार देतील आणि झाड तरीही प्रतिकारक असेल. याच्या उलट, मार्कर होकार देईल आणि झाड तरीही तांबडे होईल, असेही घडते, कारण बुरशी बदलते. ब्राझीलमध्ये हा रोग २००१ च्या सुमारास पोहोचला आणि पुढच्या काही हंगामांतच आरपीपी १ आणि आरपीपी ३ या जनुकांचा तेथे उपयोग राहिला नाही. म्हणून आधी शेत, मग तोडलेले पान, आणि त्यानंतर मार्कर, हा क्रम मी सुचवीन.

गुण बियांतून उतरतो का, या आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर पुढच्या हंगामातील ओळीच देईल. २० झाडांची ओळ एकसारखी राहिली तर मूळ झाड शुद्ध असावे. एकाच ओळीत काही झाडे लालसर डागांची आणि काही फिकट डागांची निघाली, तर मूळ झाड संकरित असण्याची शक्यता आहे. एका प्रभावी जनुकाच्या बाबतीत तीन प्रतिकारक झाडांस एक बळी पडणारे असे प्रमाण अपेक्षित असते, आणि अशा ओळीत बळी पडणारे निदान एक झाड दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर किमान ११ झाडे असावी लागतात. आपल्याकडे २० आहेत, तेवढी पुरेशी आहेत. मात्र उगवण कमी होऊन एखाद्या ओळीत आठ-नऊच झाडे उभी राहिली, तर त्या ओळीवरून शुद्धतेचा निष्कर्ष काढू नये.

शिरोळचा_शेतकरी

मी पैदासकार नाही, पण हा प्रकार स्वतः केलेला आहे, म्हणून लिहितो. चार वर्षांपूर्वी मलाही अशीच तीन झाडे सापडली होती. पुढच्या वर्षी त्यांचे बी पेरले आणि सगळी ओळ शेवटपर्यंत हिरवी राहिली. आनंदाच्या भरात त्याच्या पुढच्या वर्षी मी ते अर्ध्या एकरावर लावले आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ते सगळे तांबडे होऊन गळाले. ज्या वर्षी ओळ हिरवी राहिली त्या वर्षी पाऊस लवकर उघडला होता आणि तालुक्यात कोणाच्याच रानात तांबेरा आला नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. शेजारी जेएस ३३५ ची एक ओळ असती तर ती हिरवी पाहून मी त्याच वर्षी थांबलो असतो. त्या अर्ध्या एकराचे नुकसान सोसताना ही गोष्ट मला कळली.

एक विनंतीही आहे. रोगट पाने पाण्यात चोळून, गाळून, संध्याकाळी चाचणीवर फवारतात हे मी ऐकले आहे. संशोधन केंद्राच्या बंदिस्त रानात ते योग्य असेल. आपल्या रानाला लागून दुसऱ्यांचे सोयाबीन असते आणि त्यांनी चाचणीला संमती दिलेली नसते. कृपया तसे करू नये, आणि दुसऱ्या जिल्ह्यातील रोगट पाने तर मुळीच आणू नयेत.

जुना_रोगशास्त्रज्ञ

शिरोळच्या मित्रांच्या विनंतीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. कृष्णेच्या दोन्ही तीरांवर, उगार खुर्दपासून वर सांगलीपर्यंत, उन्हाळ्यातही कोठे ना कोठे सोयाबीन उभे असते आणि बुरशीला वर्षभर हिरवे पान मिळते. एवढ्या रोगप्रवण पट्ट्यात चाचणीला रोग बाहेरून आणून देण्याची गरज नाही. पेरणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत लांबवली तर शेंगा भरण्याचा काळ बरोबर सप्टेंबरच्या दमट हवेत येतो. एखाद्या वर्षी जेएस ३३५ हिरवा राहिलाच, तर राखून ठेवलेले बी त्याच वेळी कामी येईल.

एक गोष्ट माझ्याकडून राहिली होती. प्रतिकार नसला तरी सहनशीलता असू शकते. तिच्यासाठी बी वाढल्यानंतर, म्हणजे दुसऱ्या वर्षी, त्याच वाणाचे दोन तुकडे करावेत. एकावर प्रोपिकोनॅझोल किंवा हेक्झाकोनॅझोलची वेळेवर फवारणी करावी, दुसरा तसाच सोडावा आणि दोन्हींचा उतारा व शंभर दाण्यांचे वजन ताडून पाहावे. हे वजन जवळजवळ सारखे आले तर पाने तांबडी दिसूनही तो वाण आपल्या कामाचा आहे.

वाळवा_शिवार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हळदीच्या विरुद्ध बाजूला, विहिरीजवळचा तीन गुंठ्यांचा तुकडा चाचणीसाठी राखला आहे. कडेच्या जेएस ३३५ च्या ओळी जूनअखेर टोकीन आणि मधल्या जेएस ३३५ सह बाकी सगळे पंधरा दिवसांनी. फुले अग्रणी आणि फुले संगम यांचे बी मिळण्यासारखे आहे, डीएसबी २१ साठी विचारणा करतो. गावात ज्यांनी बी मागितले त्यांना सप्टेंबरमध्ये तुकडा पाहायला या, असे सांगितले आहे.

राखीव बियांबद्दल एकच शेवटचा प्रश्न आहे. सोयाबीनचे साल पातळ असते आणि आमच्याकडे मागील वर्षीचे बी पुढे नीट उगवत नाही. ५८ आणि २४ दाणे दोन वर्षे कसे टिकवावेत?

बीज_आणि_जनुक

दाणे उन्हात कडक तापवू नयेत, सावलीत चांगले सुकवावेत. कागदी पाकिटासह ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवून तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि बरणी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर गार दाण्यांवर दव धरते. पाकिटावर झाडाचा क्रमांक, वर्ष आणि दाण्यांची संख्या पेन्सिलने लिहावी, कारण ओलसर हातांनी शाई पुसली जाते.